उद्याच्या तारखेची तक्रार

मी या पानाची जुनी वाचक आहे. वाचक म्हणजे टवाळ वाचक. चिंचेखालची बाई, मागून येणारे पैंजण, अचानक गार झालेली हवा... असलं काही छापून आलं की मी ते मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. देवच मानत नाही, तिथे भूत मानायचा प्रश्न येतो कुठे? मी कॉम्प्युटरचं काम करते. तिथे प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि सापडलं नाही तर तुम्ही नीट शोधलेलं नसतं. एवढा एकच माझा धर्म.

तरी आज लिहितेय. घाबरले म्हणून नाही, शिसारी आली म्हणून. ती अजून गेलेली नाही. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.

मी दारव्ह्याची. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. माझ्या मामांचं आर्णीला कृषी केंद्र आहे - बियाणं, खत, फवारणीची औषधं. मागच्या वर्षी मामांच्या डोक्यात आलं की आपल्या दुकानाचे स्वतःचे ॲप पाहिजेत. मी म्हटलं, भाड्याच्या सर्व्हरवर टाकून देते, एका दिवसाचं काम आहे. तर मामा म्हणाले, "आपला माल लोकाच्या घरात कायले ठेवाचा वं? आपल्या दुकानात काय जागा नाही?"

मग दुकानामागची खोली मिळाली. जुनं गोदाम. कोपऱ्यात पालीची लेंडकं, भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीपर्यंत गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि औषधांचा वास - कुजलेला लसूण आणि रॉकेल एकत्र कालवल्यासारखा. पहिल्याच दिवशी मला बाहेर येऊन ओकावं लागलं. तीन वेळा फिनाईलनं पुसून घेतलं, आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवल्या, तेव्हा कुठे तो वास गेला. गेला म्हणजे अगदी गेला, हे लक्षात ठेवा.

तिथे एका जुन्या डेस्कटॉपवर मी लिनक्स टाकलं आणि त्यावर ॲप चालवायचा एक प्लॅटफॉर्म उभा केला. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी - प्रत्येक ॲपचा एक डबा असतो, कंटेनर म्हणतात त्याला. ॲपला लागणारं सगळं त्या डब्यात. एक डबा सांडला तरी बाजूच्याला काही होत नाही. समोर एक पॅनेल असतं, त्यात चालू डब्यासमोर हिरवा ठिपका दिसतो. नको झाला की डबा काढायचा, त्यातल्या माहितीचा साठाही पुसायचा. संपलं. यात कुणाचा आत्मा-बित्मा अडकायला जागा नसते.

टेबल आत आणून द्यायला कैलास आला होता. हा मामांच्या शेतावर फवारणी करायचा, शेताला लागून असलेल्या तांड्यावरचा. चाळिशीचा, अंगानं काडी. मशीनचा पंखा फिरताना बघून म्हणाला, "ताई, याले बी गर्मी होते काय?" नंतर मी जेव्हा जेव्हा आर्णीला जायचे तेव्हा माझ्यासाठी बांधावरची सीताफळं ठेवून जायचा. मला सीताफळ आवडत नाही, पण ते त्याला कधी सांगितलं नाही.

तीन डबे चालू केले. एक दुकानातल्या मालाच्या साठ्याचा, एक शेतकऱ्यांना मेसेज पाठवायचा, आणि तिसरा तक्रारीचा. तिसरा माझी हौस. फवारताना कुणाला त्रास झाला तर त्यानं मोबाईलवरून कळवायचं - नाव, काय होतंय, आणि बाटलीचा फोटो. फोटोशिवाय फॉर्म पुढेच सरकत नाही असं मी मुद्दाम केलं होतं. लोक औषधाचं नाव कधी बरोबर सांगत नाहीत, पण फोटोत लेबल आणि बॅच नंबर येतो. तारीख-वेळ मशीन स्वतः टाकायचं. मामांना ते फार आवडलं. कंपनीचा माणूस आला की त्याला मोठ्या दिमाखात दाखवायचे.

दोन आठवड्यांत अकरा तक्रारी आल्या. अकराही एकाच औषधाच्या, एकाच बॅचच्या. डोळ्यांची आग, उलट्या, चक्कर. ऐन हंगाम होता, कापूस माणसाच्या डोक्याइतका उंच वाढलेला, आणि त्या औषधाच्या पेट्या दुकानात अजून पडून होत्या.

"ते तक्रारीचं काढून टाक," मामा म्हणाले.

"मामा, आधी ते औषध विकणं बंद करा ना."

"तू मले दुकान शिकवून राह्यली काय? तोंडाले फडकं न बांधता फवारतेत हे लोकं, अन् नाव आपलं खराब. काढून टाक म्हणलं ना."

मी वाद घातला. पाचेक मिनिटं घातला असेन. मग मंगळवारी तिसरा डबा काढला, साठा पुसला, पॅनेल दोनदा तपासलं आणि जीपमध्ये बसून दारव्ह्याला परत आले. सगळ्या रस्त्याला स्वतःची किळस येत होती. पण मामा होते, लहानपणी शाळेची फी त्यांनी भरली होती... असलं काहीबाही मनाशी म्हणत राहिले.

बुधवारी साठ्याच्या ॲपमधलं काम राहिलं होतं म्हणून पुन्हा आर्णीला गेले. दुपारचे चार. खोलीचं दार उघडलं आणि तोच वास भसकन नाकात शिरला. लसूण आणि रॉकेल. खोलीत एक बाटली नव्हती. नाकाला ओढणी लावून मी पॅनेल उघडलं, तर तिसऱ्या डब्यासमोर हिरवा ठिपका.

आता जाणकार म्हणतील, डबा आपोआप चालू व्हायची सेटिंग राहिली असेल. बंद पडलेला डबा चालू होतो हो, काढून टाकलेला नाही होत. बॅकअप? या ॲपचा मी घेतलाच नव्हता. दुसऱ्या कुणी केलं? पासवर्ड माझ्याकडेच होता, आणि मामांना स्वतःच्या मोबाईलचं लॉक धड उघडता येत नाही.

यादी उघडली. अकराच्या अकरा तक्रारी जागेवर. आणि वर बारावी. नाव कैलासचं. वेळ - गुरुवार, सकाळी अकरा चाळीस. म्हणजे उद्या.

मजकूर असा होता: "डोयापुढं पिवळं दिसून राह्यलं. पाणी मागून राह्यलो, कोणी देऊन नाही राह्यलं."

खाली फोटो. जमिनीवर मोबाईल ठेवून काढावा तसा, खालून वर. कापसाची बुडं, एक पुरुषी हात, बोटात पोवळ्याची अंगठी, हातात बाटली. लेबल स्पष्ट, बॅच नंबरसकट. कडेला कुणाचे तरी पाय.

आणि हे सगळं बघून मी काय केलं? मी घड्याळ तपासलं.

हो. समोर एक माणूस पाणी मागतोय असं लिहिलेलं, आणि मी टाइमझोन तपासत बसले. आमच्या धंद्यातला हा रोज भेटणारा रोग. डब्यातलं घड्याळ परदेशी वेळ धरतं, मग तारखा मागेपुढे होतात. पण तो फरक साडेपाच तासांचा असतो, आणि हा वीस तास पुढे होता. मशीनचं घड्याळ बरोबर. डब्यातलं घड्याळ बरोबर. मग मी ठरवलं की नोंदच चुकीची आहे, मामांनी मागे कुणाला दाखवताना कैलासचं नाव घालून बघितलं असणार. सरळ डब्यातल्या माहितीत शिरून एका ओळीत गुरुवारचा बुधवार केला. यादी कशी नीट रांगेत लागली! मला चक्क बरं वाटलं. मग डबा नुसता थांबवला - हा कुठून आला ते उद्या शांतपणे शोधू म्हणून काढला नाही - आणि दहा मिनिटांत खोलीतला वास गेला.

कैलासला फोन केला नाही. तो फवारायचा ते मामांचं शेत दुकानापासून दोन किलोमीटरवर होतं.

गुरुवारी सकाळी दहापासून मी त्या खोलीत होते. साडेअकराच्या सुमारास मामांना शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला - कैलास पडला, मी रोडवर जीप थांबवाले जातो, तुम्ही या. मामा आणि मी गाडीनं निघालो.

कैलास बांधाजवळ कापसात आडवा पडला होता. पंप अजून पाठीला. तोंडाला फेस, शर्ट भिजलेला, त्यानं पँटमध्येच घाण केली होती. आणि तो वास... औषधाचा, ओकारीचा, घाणीचा, सगळा एकात एक. तो कसाबसा म्हणाला, "पाणी... ताई, पाणी."

मामा खाली वाकले. मला वाटलं त्याला उचलायला. मामांनी आधी बाटली उचलली. कापसाच्या बुडाशी पडलेली ती बाटली उचलून लेबल पाहिलं, लुंगीच्या टोकानं पुसली आणि गाडीत पुढच्या सीटखाली ठेवायला गेले. पोवळ्याची अंगठी उन्हात लाल दिसली.

काल पाहिलेला फोटो तो हाच, हे मला तेव्हा कळलं. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. तिथे आम्ही तिघंच होतो. माझा मोबाईल माझ्या पर्समध्ये, मामांचा गाडीत.

यवतमाळला दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध होतं?" बाटली वाटेत मामांनी खिडकीतून नाल्यात फेकली होती. माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी कैलासचं डोकं मांडीवर धरून बसले होते. मामा म्हणाले, "औषधाचं काही नाही डॉक्टरसाहेब, सकायपासून पेऊन होता तो."

पस्तीस वर्षं ज्या माणसाला मी वाकून नमस्कार केला, त्याचा मला त्या क्षणी एवढा वीट आला की त्याच्या बाजूला उभं राहवेना. मोबाईलवर पॅनेल उघडलं, थांबवलेला डबा चालू केला आणि बारावा फोटो डॉक्टरांसमोर धरला. त्यांनी लेबल वाचलं, नर्सला काहीतरी सांगितलं आणि आत पळाले. नाव कळलं नसतं तर अंदाजानं चाललो असतो आणि उशीर झाला असता, असं ते नंतर म्हणाले. सहाव्या दिवशी कैलास बोलायला लागला.

मग मी तक्रार घेऊन कृषी अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी प्रिंट पाहिली. "मॅडम, माणूस पडला गुरुवारी. तुमचा फोटो बुधवारचा. हा या घटनेचा कसा?"

मी काय सांगणार? की फोटो गुरुवारचाच होता, तो बुधवारीच आला होता आणि बुधवार मी केला?

"तारीख चुकली असेल तर नीट करून आणा," ते म्हणाले. माणूस भला होता.

घरी आले आणि पुन्हा एका ओळीत बुधवारचा गुरुवार केला. अकरा चाळीस. जे होतं तेच परत केलं, पण करताना हात चोरट्याचेच वाटत होते. तक्रार दाखल झाली, दुकानातल्या पेट्या सील झाल्या. मी मामांना स्वतः फोन करून सांगितलं, तारीख मी बदलली आहे.

"म्हणजे खोटा कागद केला तू," मामा म्हणाले. "आपल्या घरच्या माणसावर."

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. डेस्कटॉप मी उचलून आणला, डिस्क काढून एका मित्राकडून तपासून घेतली. मंगळवारी पुसल्याची नोंद आहे. बुधवारी कुणी परत टाकल्याची नाही. बारावी तक्रार कोणत्या मोबाईलवरून आली ती जागा रिकामी आहे. बाकी अकरांची भरलेली आहे.

कैलासला भेटायला तांड्यावर गेले. एका डोळ्यानं आता धूसर दिसतं त्याला. त्याचा मोबाईल पाहिला - बटणांचा, कॅमेराच नाही. म्हणाला, "मले तं लिवताच येत नाही ताई, तक्रार काय टाकीन म्या?" त्याची बायको चहा ठेवायला उठली. मी प्रिंट काढून त्याच्यासमोर धरली. त्यानं ती चांगल्या डोळ्याजवळ नेली, बराच वेळ पाहिली आणि फोटोच्या कडेच्या पायांवर बोट ठेवलं. निळ्या पट्ट्याच्या सँडल. मी तेव्हाही त्याच घालून बसले होते. इतक्या दिवसांत मी त्या पायांकडे नीट पाहिलंच नव्हतं. ते त्याच्याकडे येणारे पाय नव्हते. एक टाच उचललेली होती, मागे सरकताना उचलतात तशी. मला आठवलं, त्या वासानं ओढणी नाकाला दाबून मी दोन पावलं मागे गेले होते. माझ्या पर्समध्ये पाण्याची भरलेली बाटली होती. विषबाधा झालेल्याला पाणी द्यायचं की नाही हे मला माहीत नव्हतं, पण तो विचारही मी केला नव्हता. मला फक्त किळस आली होती.

कैलास रागावून बोलला नाही. साधंच विचारलं, "तुमी तं तिथंच उभ्या होत्या ताई. मंग जवळ काहून नाही आल्या?"