चादर न उचलणारे साहेब

वृद्धाश्रम तपासायला येणारे साहेब आमच्याच तंजावरी मराठी मंडळींतले. लग्नाच्या पंगतीत सांबाराचं कौतुक मराठीत करायचे. इथे मात्र प्रत्येक खाटेवरची चादर, दुकानात वेष्टी म्हणजे धोतर विकत घ्यायला आल्यासारखे, दोन बोटांत चोळून बघायचे आणि तमिळमध्ये वाहवा करत पुढे सरकायचे.

त्या दिवशी माझी अंथरुणाला खिळलेली आत्या त्यांना मराठीत म्हणाली, "पाठीला जखम झालीय रे बाबा. कोणी कूस बदलून देत नाही."

त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, 'तक्रार नाही'.

मी भडकलो. "ती काय म्हणाली, कळलं ना तुम्हाला?"

"कळलं की. पण हे आपलं घरातलं बोलणं. तक्रार तमिळमध्ये सांगावी लागते."

मी चादर उचलून जखम दाखवली. साहेबांनी तोंड फिरवलं. समोर नवाकोरा रंगीत टीव्ही होता. तेवढा लिहून घेतला.