मैदानकट्टा, रविवार सकाळी दहा

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. कार्यक्रमात आपण तयारी करून जे बोलतो, ते लोक सोमवारपर्यंत विसरतात. आणि जे ठरवलेलंच नसतं, ते वर्षानुवर्षं सांगत बसतात! मला अजूनही लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत कोणीतरी गाठतं आणि म्हणतं, "ताई, ते जमादाराचं सांगा न!" असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर टाकलेल्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर सगळ्याच अंगावर येतात.

तर आमचा 'मैदानकट्टा'. कळमनुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. चार खुर्च्या, दोन माइक, एक फळा आणि स्टँडवर उभा केलेला मोबाइल. दर रविवारी सकाळी दहा ते अकरा लाइव्ह, विषय फक्त खेळ. क्रिकेटवर बोलायला सगळं जग बसलेलं आहे, म्हणून आमच्याकडे क्रिकेट बंद!

आम्ही चौघं. गायकवाड सर, हायस्कूलचे निवृत्त क्रीडाशिक्षक, त्यांचा जीव बेसबॉलवर. रशीदभाई, सायकलचं दुकान चालवतात, त्यांचं फुटबॉल. मारोतकाका शेतकरी, बैलांच्या शर्यतींचे, म्हणजे आमच्याकडच्या शंकरपटाचे जाणकार. आणि मी, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करणारी, एकेकाळी त्याच कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. चौघांचेही केस पांढरे आणि चौघांचाही खेळ केव्हाच सुटलेला. म्हणूनच बहुधा बोलायला इतकं असायचं.

*

पहिलाच रविवार. सरांनी अर्धा तास फळ्यावर चौकोन काढून बेसबॉल समजावला. पिचर इथं उभा राहतो, बॅटर इथं, हा पहिला बेस, हा दुसरा. मग रुमालानं घाम पुसून म्हणाले, "कोणाला शंका?"

फोन वाजला. स्पीकरवर टाकला. सेनगावाकडचे एक गृहस्थ होते.

"सर, म्हणजे हे क्रिकेटच हाय न? फक्त स्टंप न्हाईत?"

सरांनी खडू खाली ठेवला. मग अगदी गोड आवाजात, "तुमच्या गावात कुस्त्या होतात का हो?"

"व्हय, होतात की! दर वर्षी."

"मग ती मिठीच हाय न? फक्त प्रेम न्हाई?"

तो माणूस आमचा कायमचा श्रोता झाला. दर रविवारी फोन करून विचारायचा, "सर, पिचरचं थोडं सांगा." बेसबॉलचा एकही सामना त्यानं पाहिला नव्हता. आम्ही तरी कुठं पाहिला होता? आम्ही सगळ्यांनी सरांच्या बोलण्यातलाच पाहिला होता.

*

रशीदभाईंनी आयुष्यात एक गोल असा केला, की त्यातून ते कधी बाहेरच आले नाहीत. हिंगोलीची फायनल, समोर परभणीची टीम, शेवटची मिनिटं. जगातला कुठलाही सामना असो, चर्चा फिरून त्या गोलावर यायचीच. आणि दर वर्षी गोलपोस्ट थोडी लांब जायची! पहिल्या वर्षी रशीदभाईंनी वीस मीटरवरून मारला होता. मग पंचवीस. त्या रविवारी ते म्हणाले, "तीस मीटर से मारा, ताई! बॉल ऐसा घुमा, ऐसा घुमा..."

फोन वाजला. थकलेला आवाज होता.

"मी परभणीहून बोलून राहिलो. त्या मॅचला गोलकीपर मीच होतो."

रशीदभाईंनी माइक हळूच दूर सरकवला. मी फोन कट करावा की काय, या विचारात.

तिकडून आवाज आला, "रशीदभाई, तीस काहून सांगता? मी घरी नातवंडांना चाळीस सांगितलेत. जवळून गोल खाल्ला म्हणायला लाज वाटते!"

*

आता ते जमादाराचं.

शर्यतींवर बंदी होती, ती वर्षं. पट भरतच नव्हते. मारोतकाका यायचे, खुर्चीत बसायचे आणि आमचं ऐकून उठून जायचे. घरी पाखऱ्या आणि त्याचा जोडीदार, ही त्यांची पळणारी जोडी गोठ्यात नुसती उभी. एका रविवारी सर म्हणाले, "मारोतराव, नवीन न्हाई तर जुना पट सांगा."

काकांनी डोळे मिटले. दोन्ही हात पुढं धरले, जणू कासरा हातात आहे. आणि सुरू झाले! "झेंडा पडला! जोडी सुटली! जोडी हाकणारा धुरकरी आडवा झाला, पाखऱ्या उजवीकडून दाबून राहिला, अरे बाजूला व्हा, बाजूला व्हा!" आम्ही तिघंही ओरडायला लागलो. रशीदभाई खुर्चीवर उभे!

तेवढ्यात जिना वाजला. दारात पोलीस ठाण्याचे जमादार. मोबाइलवर ऐकून कोणीतरी तक्रार केली होती, की बंदी असताना पट चालू आहे.

"कुठं चालू हाय पट?" जमादारांनी दरडावून विचारलं.

काकांनी डोळे उघडले. घाबरले होते. त्यांनी स्वतःच्या कपाळाकडं बोट केलं.

जमादारांनी खोलीभर नजर फिरवली. फळा, चार खुर्च्या, मोबाइल. मग टोपी काढली, माझ्या शेजारचं स्टूल ओढलं, बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"मग? पुढं कोण आलं?"

*

बंदी उठली तोवर पाखऱ्या म्हातारा झाला होता. त्याचा जोडीदार तर गेलाच होता. पहिला पट भरला तेव्हा आम्ही काकांच्या हाती मोबाइल दिला. "काका, आज खरा पट. तुम्हीच दाखवा, तुम्हीच सांगा."

आम्ही तिघं खोलीत बसून बघतोय. लाइव्ह सुरू झालं आणि पडद्यावर एक बाभळीचं झाड, त्याखाली बांधलेला म्हातारा बैल! काका पाखऱ्यालाही पट बघायला म्हणून सोबत घेऊन गेले होते. मागून नुसता गलका, शिट्ट्या, धुरळा. पळणारी जोडी एकही दिसेना. बघणारे संतापले. एकामागून एक कॉमेंट : कॅमेरा फिरवा! पट दाखवा! काका, झोपले का?

मी फोन लावून म्हटलं, "काका, लोक ओरडून राहिलेत. मोबाइल तिकडं वळवा न."

"थांब गं ताई," काका म्हणाले. "त्याचे कान बघ. झेंडा पडला की उभे होऊन राहिलेत. तिकडं काय बघायचं? सगळा पट इथंच दिसून राहिला!"

तासभर आम्ही पाखऱ्याचे कान पाहिले.

*

माझंही एक सांगते, पण थोडक्यात.

कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली होती. सामने परराज्यात होते. वडील म्हणाले, "इतक्या लांब पोरीला कसं धाडावं?" मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. वडिलांवर माझा राग नाही. पण मी दुसऱ्यांदा का विचारलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

एका रविवारी आम्ही त्या कॉलेजच्या कोर्टवरून लाइव्ह केलं. आता तिथं मोटारसायकली लागतात. एका बाजूची रिंग शिल्लक आहे, तीही वाकलेली. सरांनी कुठूनतरी बॉल आणला होता. तो हातात घेतला आणि मी ठरवलेलं सगळं विसरले. इथं शोभा असायची, इथून मी तिला पास द्यायचे, असं काहीतरी म्हणत राहिले. शोभा आमच्या टीमची सगळ्यात उंच मुलगी. कॉलेज संपल्यावर तिचा पत्ताच लागला नव्हता. पार ओळख पुसल्यासारखी झाली होती. मी बॉल पोटाशी धरून उभी.

रशीदभाई मोबाइल घेऊन पळत आले. "ताई, ये पढो पहले."

कॉमेंट होती. मी नाव दोनदा वाचलं. शोभानं लिहिलं होतं :

"तेव्हाही बॉल धरून बसायचीस, आताही तेच! पास दे न गं!"

*

सिद्धेश्वरचे एक आजोबा दर रविवारी न चुकता ऐकायचे. धरणावर मासेमारी करणारे. ते कधी प्रश्न विचारायचे नाहीत. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांची एकच कॉमेंट यायची, नातीकडून लिहून घेतलेली : ऐकून राहिलो. एकदा मात्र फोन केला. म्हणाले, "तुमच्यात पोहायचा काही खेळ न्हाई का?"

सर म्हणाले, "आहे की. तुम्ही पोहलात का कधी?"

मग आजोबांनी सांगितलं. तरुणपणी, पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असताना, ते एकटेच धरणाच्या या काठावरून त्या काठावर पोहत गेले होते. कोणाशी पैज नव्हती. कोणी बघायला नव्हतं. नुसतं वाटलं म्हणून. मधे दोनदा वाटलं, आता संपलं. पण पोचले.

आमच्या खोलीत सगळे सरसावून बसले. मी विचारलं, "आजोबा, तिकडं पोचल्यावर कसं वाटलं?"

"काय वाटणार? कोणीच नव्हतं. सांगावं कोणाला? एक बगळा होता, तो बी उडून गेला."

"मग काय केलं?"

"मग काय! परत पोहत आलो."

"परत?" रशीदभाई ओरडले. "चालत यायचं न, काठाकाठानं!"

"अनवाणी?" आजोबा म्हणाले. "चपला या बाजूला होत्या!"

*

शेवटचा सांगते आणि थांबते.

डोंगरकड्याची अनिता ही सरांची विद्यार्थिनी. हायस्कूलला असताना राज्याच्या बेसबॉल संघात पिचर होती. तिचा बॉल इतका जोरात यायचा की समोर झेलायला एकही मुलगी उभी राहायची नाही. म्हणून तीन वर्षं सर स्वतःच ग्लोव्ह घालून समोर बसायचे. तेच झेलणारे, तेच अंपायर. नेमका आला की "स्ट्राइक" म्हणायचे आणि त्या दिवसाचा सराव तिथंच संपायचा. जराही इकडंतिकडं झाला, की "बाहेर गेला, परत टाक." मग पुन्हा. सूर्य कलेपर्यंत.

बारावीनंतर तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली, नर्स झाली. खेळ सुटला. इकडं सरांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. रविवारी मी त्यांना हात धरून जिना चढवायचे. समोरच्या माणसाची सावली तेवढी दिसते, असं ते म्हणायचे.

एका दिवाळीत अनिता माहेरी आली होती. तिला आम्ही कट्ट्यावर बोलावलं. तासभर ती फार बोललीच नाही. सगळं सरच बोलले. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "सर, मैदानावर चक्कर मारू का?" आम्ही पाचही जण हायस्कूलच्या मैदानावर गेलो. सुट्टी होती, कोणी नव्हतं. तिनं पिशवीतून बॉल काढला. शिवण उसवलेला, काळा पडलेला. सोबत सरांचाच जुना ग्लोव्ह. इतकी वर्षं तिनं जपून ठेवला होता.

"सर, एक टाकू का?"

"अरे, पागल हो गई क्या!" रशीदभाई मधे पडले. "सर को दिखता नहीं!"

"तिला दिसतं न?" सर म्हणाले. "बास झालं."

माझ्या खांद्याला धरून ते हळूहळू खाली बसले. गुडघे वाजले. ग्लोव्ह चाचपून हातात चढवला, छातीसमोर धरला आणि स्थिर झाले. मारोतकाकांनी पावलं मोजून अनिताला उभं केलं.

"सर, हळू टाकते."

"हळू टाकायचा असंल तर घरी जाय."

अनितानं चपला काढल्या. ओढणी कमरेला गुंडाळली. दोनदा हात मागं नेला आणि दोनदा थांबली. रशीदभाईंनी तोंड फिरवलं.

तिसऱ्यांदा तिनं टाकला. पूर्ण ताकदीनं!

थप्प!

ग्लोव्हमधून धूळ उडाली. सरांचा हात तसूभरही हलला नव्हता. बॉल मधोमध आला होता, अगदी मधोमध. मी पाहिलं, मारोतकाकांनी पाहिलं. अनिता दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी.

सरांनी ग्लोव्हमधला बॉल काढला. उसवलेल्या शिवणीवरून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवत राहिले. मग तिच्या सावलीच्या दिशेनं तो परत फेकला, ग्लोव्ह पुन्हा छातीसमोर धरला आणि म्हणाले,

"बाहेर गेला. परत टाक."