मामांची यान्बूतली टीम

आमच्या मामांइतका दमलेला माणूस साऱ्या सौदी अरेबियात शोधूनही सापडला नसता. मामा म्हणजे शुभदाचे, माझ्या बायकोचे, सख्खे मामा. मुक्काम खडकी, धंदा हॉकी. इतर माणसं काम करून दमतात. मामा कामाला हात लावण्याआधीच दमलेले असत आणि तरी ते काम सोडत नसत. यान्बूच्या विमानतळावर मी त्यांना घ्यायला गेलो, तेव्हा ट्रॉलीवर एक लहानशी बॅग आणि गोणपाटात शिवलेला हॉकी स्टिकांचा भलामोठा गठ्ठा होता. मला बघून त्यांनी इतका लांब सुस्कारा सोडला की बाजूचा हमाल थांबून बघायला लागला. "दमलो हो जावईबापू," ते म्हणाले. मी म्हटलं, प्रवासच तसा आहे, घरी चला, आंघोळ करा. तर म्हणाले, "प्रवासानं नाही. एकूणच. ग्राउंड कुठंय?" आणि त्या रणरणत्या दुपारी आम्ही घरी न जाता आधी ग्राउंड बघायला गेलो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. यान्बूच्या एका टेक्निकल कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवत होतो. आमचे डीन कॅनडात शिकून आलेले, आणि आपल्या कॉलेजची हॉकी टीम असावी असं त्यांच्या मनानं घेतलेलं. मी मामांचं नाव सुचवलं. खडकीत मामा तीस वर्षं कोचिंग करत होते, पण कायम असिस्टंट. पोरांना घडवायचं मामांनी आणि फोटोत कप धरून उभं राहायचं दुसऱ्या कोणीतरी. स्वतःची म्हणावी अशी टीम त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, मामींचा राग पत्करून ते आले. पहिल्या भेटीत डीननी स्टिक उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "स्केट्स कुठे आहेत?" तेव्हा उलगडा झाला, की त्यांना हवी होती ती बर्फावरची हॉकी. मी घाबरत घाबरत ते मामांना मराठीत सांगितलं. "बर्फ?" मामा खुर्चीत आणखी खचले. "इथं नळाला गार पाणी येईना, आणि बर्फ? त्यांना म्हणावं, आमची हॉकी मातीवरची. ती पण आधी अंथरावी लागेल असं दिसतंय." डीन मनानं मोकळे. खूप हसले आणि "मालेश," म्हणाले. म्हणजे असू दे, चालेल.

माती खरंच अंथरावी लागली. वर्कशॉपच्या मागचं ते मैदान म्हणजे नुसती खडी. मामांनी कुठून कुठून ट्रक आणवले, रोज टँकरनं पाणी मारलं, आणि रोलर फिरवणाऱ्या ड्रायव्हरच्या मागे स्वतः चालत, "मी मरतो आता इथंच," असं म्हणत ते सपाट करून घेतलं. पोरं आली ती सगळी फुटबॉलवाली. बॉल दिसला की पाय पुढे. मामांना अरबी येत होतं जेमतेम चार शब्दांचं, त्यात हिंदी मिसळायचं, आणि संताप अनावर झाला की शुद्ध खडकीचं मराठी बाहेर पडायचं. "अरे वाक! वाक की लेका! कमरेत काय लोखंड घातलंय?" पोरांना वाटलं, 'वाक' हा हॉकीतलाच काहीतरी मोठा शब्द असणार. महिन्याभरात ती कॉरिडॉरमध्येसुद्धा एकमेकांना "वाक, वाक!" करून हाका मारायला लागली. फहद नावाचा एक धिप्पाड पोरगा होता, त्याचा पाय काही केल्या आवरेना. मामांनी त्याला दोन आठवडे पाहिलं आणि सुस्कारा टाकून गोलमध्ये उभा केला. "हॉकीत एका गोलकीपरलाच पाय लावता येतो. त्याचा पाय ऐकत नाही ना, मग जिथं पाय चालतो तिथं राहू दे त्याला."

दर गुरुवारी, आठवड्याची सुट्टी लागली की, मामा आमच्याकडे जेवायला येत आणि तोंडी राजीनामा देत. "झालं जावईबापू. या पोरांना हॉकी येणं नाही. शनिवारी कागद देतो आणि जातो खडकीला." शुभदा आमटी वाढता वाढता म्हणायची, "मामा, जायचंच आहे तर नीट जेवून जा." जेवण झालं की पुढ्यात खजूर यायचा. मामा खजूर खात आणि बिया ताटाच्या कडेला न ठेवता सतरंजीवर मांडत जात. ही डावी बाजू, हा फहद, हा सेंटर. अर्ध्या तासात राजीनामा कुठल्या कुठे जायचा आणि मला बिया हलवून प्रतिपक्ष व्हावं लागायचं. मी कायम हरत असे. जिंकलो असतो तर शुक्रवारीही सुट्टी मिळाली नसती.

पहिल्या वर्षी आमची टीम जेद्दाला एका मैत्रीच्या सामन्याला गेली. समोर तिथल्या कंपन्यांत काम करणारे भारतीय-पाकिस्तानी लोक, लहानपणापासून गल्लीत हॉकी खेळलेले. त्यांनी किती गोल केले हे मामांनी मोजू दिलं नाही. परतीच्या बसमध्ये पोरं रडकुंडीला आली होती. मामा उभ्यानेच दांडी धरून म्हणाले, "नो प्रॉब्लेम. बुकरा, पाच वाजता, ग्राउंड." बुकरा म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशी पाच वाजता सगळी आली. पुढच्या वर्षी पुन्हा हरलो, पण त्या वेळी गोल मोजता येण्यासारखे होते.

तिसऱ्या वर्षी डीन बदलले. नव्या डीनना हॉकीच्या मैदानाच्या जागेवर वर्कशॉप वाढवायचं होतं. त्यांनी मामांना सौजन्यानं बोलावून सांगितलं, की टर्म संपली की हॉकी बंद, तुमचा करारही तिथेच संपेल. दुभाषी म्हणून मी शेजारी होतो. मामा इतकंच म्हणाले, "जेद्दाची मॅच होऊ द्या म्हणावं." बाहेर आल्यावर मी विचारलं, "पोरांना कसं सांगायचं?"

"सांगायचं नाही. बंद होणाऱ्या टीमसारखी खेळतील. मला ते बघायचं नाही."

आणि त्यांनी रोजच्यासारखा सराव घेतला. मला वाटलं होतं, निदान आता तरी ते जरा सैल सोडतील. उलट, एका पेनल्टी कॉर्नरवरून त्यांनी दोन पोरांना अंधार पडेपर्यंत सोडलं नाही.

जेद्दाला आम्ही हरलो. पण शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत बरोबरी होती, आणि फहदनं असे बॉल अडवले की समोरचे लोक खेळता खेळता "वाह" म्हणत होते. शेवटी एक गोल झालाच. सामना संपल्यावर त्यांचा कप्तान, सियालकोटचा एक पांढऱ्या दाढीचा क्रेन ऑपरेटर, मामांकडे आला आणि दोन्ही हातांत त्यांचा हात घेऊन म्हणाला, "उस्ताद, ये लड़के आपने बनाए हैं?"

मामांनी मैदानाकडे पाहिलं. पोरं मातीत बसून पाणी पीत होती. "हाँ," ते म्हणाले. "मेरे हैं." मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

टीम बंद होतेय हे पोरांना त्यांनी बस यान्बूत शिरल्यावर सांगितलं. टर्म संपली, मामांचा एक्झिट व्हिसा लागला आणि ते गेले. शुभदानं त्यांच्याबरोबर मामींसाठी खजुरासाठी नावाजलेल्या बुरैद्याचा खजूर दिला.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी त्या मैदानावरून चाललो होतो. वर्कशॉपचं काम अजून सुरू झालं नव्हतं, पोरं फुटबॉल खेळत होती. मला बघून फहद धावत आला. "सर, वर्कशॉप तर झालंच नाही. कोच कधी येणार?" मी म्हटलं, आता नाही येणार. त्यानं विचारलं, "हॉकी खलास?" "खलास," मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि खेळायला परत गेला.

त्या शुक्रवारी मी खडकीला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर मामांनी विचारलं, "पोरं काय करतात हो?"

"फुटबॉल खेळतात."

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"थंडी पडली का तिकडे?"

"पडतेय थोडी थोडी."

"मग खेळायला चांगलं," मामा म्हणाले, आणि त्यांनी फोन मामींकडे दिला.