नावं गेली, नंबर राहिले

सोमवारी दुसऱ्या तासाला मी आठवीला हिंदी व्याकरण शिकवत होते आणि टेबलाखाली मोबाईलवर एकच पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. पांढरा पडदा, त्यावर इंग्रजीत एक ओळ, बाकी काही नाही. वर्गात मोबाईल दिसला की मी पोरांना बाहेर काढते, त्यामुळे पहिल्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना रागवायचंही मला सुचलं नाही.

गुरुवारी माझ्या लेकीला रक्त चढवायचं होतं. तिला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, आणि गट ओ निगेटिव्ह. इकडे मध्य प्रदेशात, बालाघाटात, तो आयत्या वेळी मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगते. म्हणून अशाच मुलांच्या आम्ही काही आयांनी मिळून रक्तदात्यांची यादी केली होती: नाव, गाव, गट, फोन आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. तीन महिने झाले नसतील तर त्या माणसाला फोन करायचा नाही. आधी ही यादी वहीत होती. मग तिचं अ‍ॅप झालं आणि वही मी स्वतःच्या हाताने रद्दीत घातली. आता तेच अ‍ॅप उघडत नव्हतं. माझ्या मोबाईलमध्ये जे चार-पाच नंबर होते, त्या सगळ्यांनी नुकतंच रक्त दिलेलं होतं, आमच्याच लेकीला.

अ‍ॅप बनवणारा माझा जुना विद्यार्थी, लामता गावचा. हाडाचा कामसू, पण बोलणं कमी. काहीही सांगा, "हौ मॅडम." मी दिवसभर पोटासाठी हिंदी शिकवते, म्हणून घरात मराठीबाबत जरा जास्तच कडक आहे. आमच्याकडे पोरं हिंदीतच भांडतात आणि हिंदीतच रडतात. तर मी त्याला बजावलं होतं की यादी मराठीत पाहिजे.

"इंग्रजीत ठेवू न मॅडम, सोपं पडते," तो म्हणाला.

"अजिबात नाही. आकडेसुद्धा मराठीतच हवेत."

"हौ."

"हौ नाही. हो म्हणावं."

"हौ," तो म्हणाला, आणि मी कपाळाला हात लावला.

दिवाळीनंतर तो नर्मदा परिक्रमेला निघून गेला. पायी, फोन घरी ठेवून. मी निघताना त्याला हार घातला, फोटो काढला, आणि अ‍ॅप बंद पडलं तर काय करायचं, हे विचारायचं विसरले.

मंगळवारी रजा टाकली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला स्कूटरवर मागे बसवलं आणि लामत्याला त्याचं घर गाठलं. वाटेत ती दोनदा म्हणाली, हळू चालव. लेकीचे बाबा तिकडे गोंदियाच्या रक्तपेढ्यांना फोन लावत होते. प्रत्येक खड्ड्याला माझ्या डोक्यात एकच चालू होतं: गुरुवार, गुरुवार.

त्याची आई अंगणात धान वाळवत होती. माझा चेहरा बघून तिने सूप खाली ठेवलं.

"काहून इतकी घाबरून राह्यली वं बाई? बस पहिले. पाणी पे."

मी उभ्यानेच पाणी प्यायले. तिने कपाटातून टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप काढून दिला. मैत्रिणीने खाटेवर बसून तो चालू केला. सर्व्हर बंद पडला होता, पण अ‍ॅप दर रविवारी यादीची एक प्रत त्याच्या ईमेलवर पाठवत असे. परवाच्या रविवारची प्रतही आलेली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या माउलीचा हातच धरला.

फाईल उघडली. नावाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं, गावाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं. ओळीमागून ओळ, नुसती प्रश्नचिन्हं.

"फॉन्ट बदल," मी म्हणाले.

"फॉन्टचा प्रश्न नाही," मैत्रीण म्हणाली. "प्रत काढतानाच चूक झाली आहे. जे जे मराठीत होतं ते पुसलं गेलं. इंग्रजीत असतं तर राहिलं असतं."

मला त्याचा भयंकर राग आला. एक फाईल धड ठेवता येत नाही आणि निघाले पुण्य कमवायला. मग आठवलं की मराठीचा हट्ट त्याचा नव्हता. तिथे खाटेच्या दोरीत बोटं अडकवून मी रडले. मी माझ्या मराठीपायी माझ्या पोरीचं रक्त घालवलं, असं मी मोठ्याने म्हणाले.

"इकडे बघ आधी," मैत्रीण म्हणाली.

फोनचा रकाना धडधाकट होता. गट होता, तारखा होत्या. गटाची अक्षरं आणि सगळे आकडे इंग्रजीत. पडद्यावर मला मराठी आकडे दाखवत होता आणि आत त्याने मुकाट्याने इंग्रजीच ठेवले होते. हौ म्हणून त्याने स्वतःचंच खरं केलं होतं, आणि त्याबद्दल मी त्याची जन्माची ऋणी आहे.

ओ निगेटिव्ह आणि तीन महिने झालेले असे चारच नंबर निघाले. पहिला लागला नाही. दुसरा सुरतेला कामावर होता. तिसऱ्याला नुकतीच कावीळ होऊन गेली होती. मग चौथा लावला.

"आपण कोण बोलताय?" मी विचारलं.

"फोन तुम्ही केला अन् मलेच इचारता कोण?"

मी सगळं सांगून टाकलं, प्रश्नचिन्हांसकट.

"उद्या किती वाजता येऊ?" तो म्हणाला.

बुधवारी तो आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका गावाहून मोटरसायकलने आला. पन्नाशीचा माणूस, चपलेला चिखल. मी लेकीच्या रक्ताचा नमुना द्यायला तिला घेऊन रक्तपेढीत बसले होते. त्याने रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा अर्धा खाल्ला आणि उरलेला तिच्या हातात ठेवला.

"पोरगी तुमचीच काय?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हौ."

बिस्किट खाता खाता लेकीने मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "हौ नाही. हो म्हणावं."