आबाजीच्या कापसाची गादी

आमच्या टेकडीवर मुक्कामाले आलेला पहिला पाहुणा पाऊण तासात शर्ट काढून पळाला, आणि त्याले पळवणारी मी होती.

आता जे लोक "काय मस्त जागा हाय वं तुमची!" म्हणत येतात ना, त्यायले ही गोष्ट आई सांगू देत नाही. म्हणून इथं लिहून राह्यली. तिनं पाह्यच्या आत वाचून घ्या!

नेरच्या पलीकडं आमचं वावर, अन् वावराच्या मागं ही टेकडी. नुसता मुरूम! पण आबाजीले (म्हणजे माह्या आजोबाले) तिथंही पऱ्हाटीच, म्हणजे कापसाचंच पीक पाहिजे. ती टोंगळ्याएवढी, म्हणजे गुडघ्याएवढी व्हायची, दोन बोंडं धरायची, त्यातल्या एकात अळी. त्या वर्षांत खालच्या काळ्या वावरातला कापूसही रडवून राह्यला होता, तर टेकडीचं काय घेऊन बसले! शेवटी आईनं पऱ्हाटी उपटली, आंब्याची अन् सीताफळाची रोपं लावली, दोन खोल्या बांधल्या अन् म्हणाली, "इथं शहरातले पाहुणे राहाले येतील."

 तिसऱ्या दिवशी आबाजी म्हणतात, "दगडावर झोपाले कोण येते वं सूनबाई?"

"येतात जी मामाजी."

"मंग असं कर. पहिला पाहुणा दोन दिवस राह्यला, तर टेकडी तुही. त्याच्या आधी पयाला, तर मिरगात, पाऊस लागला की रोपं उपटाची अन् पऱ्हाटी लावाची!"

आईनं रोपायकडं पाह्यलं. "चालते," म्हणाली. अन् हातातल्या गडूतलं पाणी आंब्याच्या रोपाले घालून आली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी नागपूरहून एक सर अन् त्यांच्या मॅडम आल्या. पाहुणे आले, पण गाद्या नाही आल्या! गादीवाल्याचा निरोप काय, तर "सोमवारी देतो." खोलीत नुसत्या दोन बाजा! आई चुलीपाशी होती, मॅडम तिच्याजवळ भाकर थापणं शिकून राह्यल्या होत्या, अन् सर दारात उभे राहून जांभया देत होते.

"जरा पाठ टेकावी म्हणतो."

बाप्पा! आता कशावर टेकवाची? अन् तेवढ्यात आयडिया आली. बाजूच्या खोलीत आबाजीचा कापूस होता, पार छताले टेकलेला! भाव येईल म्हणून दिवाळीपासून थांबलेला. मी एक खोळ घेतली, कापूस ठासून भरला, वर फुलाफुलाची चादर. पाच मिनिटात गादी!

"वा! अस्सल दिसते," सर म्हणाले, अन् घोराले लागले.

(आता कापूसवाल्या घरचं शेंबडं पोरगंही सांगन, की दिवाळीत त्या ढिगात उड्या माराच्या, पण उन्हाळ्यात जवळही जायचं नाही. बारीक किडे होतात, अन् अशी खाज सुटते की माणूस भिंतीले पाठ घासते! मी जन्मापासून त्याच घरात राह्यली. पण आयडिया आली की माहं बाकी सगळं बंद पडते.)

पाऊण तासानं सर बाहेर आले. एक हात मानेवर, एक पाठीवर.

"काय गं, इथं डास आहेत का?"

"नाही जी सर! टेकडीची हवा हाय. पहिल्या दिवशी अंगाले लागते."

"पोटालाही लागते?"

"भल्ली शुद्ध हाय ना!"

पुढच्या मिनिटाले शर्ट गेला. मंग बनियन. सर कडू निंबाच्या झाडाले पाठ घासून राह्यले, तिथून पळाले ते थेट गुरांच्या हौदात! आई धावत आली. तिनं खोलीत जाऊन गादी दाबून पाह्यली. माह्याकडं पाह्यलं. रागावली नाही. (म्हणजे प्रकरण भलतंच गंभीर!)

"निंबाचा पाला आण. पय!"

मी पाला घेऊन वळली, तर वाटेनं आबाजी वर चढून राह्यले!

"आई, आबाजी!"

"बोलू नको, पाला टाक!"

"सामान भरा!" हौदातून सर ओरडले. "आत्ताच्या आत्ता निघायचं!"

आबाजी हौदापाशी थांबले. पाहुण्याकडं पाह्यलं, मंग रोपायकडं. अन् इतक्या गोड आवाजात, की मी तसा कधी ऐकलाच नाही, "चालले काय जी पाहुणे?"

"हो!"

आईनं पदर तोंडाशी नेला. संपलं! मले तर एकेक आंबा उपटलेला दिसाले लागला.

तेवढ्यात मॅडम पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "कोण चाललंय? माझी भाकरी आत्ता कुठे गोल व्हायला लागली."

"मी चाललोय!"

"मग चालतच जा. गाडी मी आणली, चावी माझ्याकडे, आणि तुम्हाला तर गाडी येतसुद्धा नाही."

सर हळूच पाण्यात बसले. गळ्यापर्यंत.

रविवारी संध्याकाळी ते दोघं गेले. आबाजी उखडले, "हा काय राह्यला? हा तं अडकला होता!"

"मामाजी," आई म्हणाली, "पाहुणा राह्यला पाहिजे, एवढंच तुमी म्हणले. खुशीनं राह्यला पाहिजे, असं नव्हते म्हणले."

आबाजीनं टेकडी दिली. पण जाता जाता खोळ माह्यापुढं आपटली. "माहा कापूस होता तसा ढिगात भर. मूठभरही कमी नको!"

भरला मी. अन् मंग त्याच हौदात, त्याच निंबाच्या पाण्यात, सकाळ-संध्याकाळ आठ दिवस! त्यानंतर किती पाहुणे आले अन् गेले, पण आमच्या टेकडीवर सगळ्यात जास्त मुक्काम ठोकणारी पाहुणी अजूनही मीच हाय!