शिलाई मशीनचं तेल

दादाची रिमोटवरची गाडी गच्चीत जागच्या जागी उभी होती. मोटर किंचाळत होती, पण मागची चाकं काही फिरेनात. आमच्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला शिलाई मशीनचं तेल मिळतं, म्हणून काल मी हिच्या मागच्या डिफरन्शियललाही, म्हणजे दोन मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डबीलाही, चार थेंब पाजले होते.

उघडून पाहिलं, तर दोन चकत्यांमध्ये स्टीलच्या बारीक गोळ्या. मोटरचा जोर चाकांपर्यंत जातो तो या गोळ्यांच्या पकडीवर. म्हणजे आत थोडं घासायलाच हवं होतं, आणि मी नेमकं तेच काढून घेतलं होतं.

वहिनी गेल्यापासून आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी असंच वागतोय का? आयुष्यभर माझ्यावर खेकसलेला दादा आता काहीही विचारलं की म्हणतो, "तू म्हणशील तसं." मीही "बरं" म्हणतो. आवाज नाही, वाद नाही, आणि घर पुढे सरकतंय की नाही तेही कळत नाही.

गोळ्या पुसून बसवल्या. चकत्या दाबून धरणारा स्क्रू ढिला ठेवला की गाडी घसरते, आवळला की वळताना शेपूट फेकते. नेमकं किती, ते उमजेना.

"दादा, किती आवळू?" मी रिमोट घेऊन शेजारी बसलेल्या दादाला विचारलं.

"तू म्हणशील तसं."

मी गोंधळून पिळतच राहिलो.

"अरे गाढवा, मोडशील! इतका आवळतात का कधी?" दादा ओरडला.

माझा हात थांबला. मग मी मुद्दाम आणखी थोडा पिळला.