तराफेकाकांच्या सहा टोपल्या

बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: तलावातली जलपर्णी उपटायची, तराफ्यावर रचायची आणि काठावर आणून वाळत टाकायची. एका सोमवारी साफ केलेला कोपरा पुढच्या सोमवारी पुन्हा हिरवागार. पण माणूस कुरकुऱ्या नव्हता. जलपर्णीशी भांडण्यातच त्यांना गोडी वाटायची. सगळे त्यांना तराफेकाका म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकापुरतं उरलं होतं.

एके दिवशी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाई तराफ्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, सहा टोपल्या जलपर्णी लावायची आहे, जमेल का? काकांना वाटलं, बाई आपली फिरकी घेताहेत.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. दर महिन्याला तलावाचं पाणी बाटलीत भरून तपासायचे, आणि अहवाल चांगलाच यायचा. तरी ओढा तलावाला मिळतो तिथले मासे कमी होत चालले होते. हे काकांनीच दोनदा कळवलं होतं. बाटलीत सापडतं ते त्या घटकेचं पाणी. विषारी धातू रविवारी वाहून आला, तर सोमवारच्या बाटलीला त्याचा पत्ताही नसतो. जलपर्णीची मुळं मात्र अष्टौप्रहर पाण्यात असतात आणि आलेला धातू धरून ठेवतात. महिन्याने ती वाळवून तपासली की महिनाभराची हकिगत कळते.

काकांनी हातातली जलपर्णी उलटी करून तिची मुळं पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी साक्षीदारच उपटून फेकत होतो म्हणा की."

बाई इतक्या हसल्या की तराफा डुलला.

एकदा मनावर घेतल्यावर काका कुणाला आवरेनात. एकही फुटवा निसटू नये म्हणून त्यांनी बारीक जाळीच्या बंद टोपल्या केल्या, त्या तरंगाव्यात म्हणून कडेला रिकामे डबे बांधले, वर रंगाने आकडे घातले. रोज सकाळी सहाही टोपल्यांची विचारपूस. काकू म्हणायच्या, लेकीच्या घरी चार महिन्यांत फिरकला नाहीत, आणि या बयांची मात्र रोज भेट. काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

महिना झाला. पाच टोपल्यांतली मुळं हातभर लांब आणि झुपकेदार होती. ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या टोपलीची पानं पिवळी आणि मुळं झिजलेल्या ब्रशासारखी. तपासणीत त्यात निकेल आणि क्रोमियम निघालं, इतर टोपल्यांच्या कितीतरी पट. बाईंनी नवी रोपं घालून टोपल्या ओढ्यात उगमाच्या दिशेने वर वर लावायला सांगितल्या. पुढच्या महिन्यात पुलाच्या वरच्या टोपल्या निरोगी निघाल्या, खालच्या आजारी. पुलापाशी एकच कारखाना होता, नळांना निकेल-क्रोमची चकाकी चढवणारा. आणि तो होता काकूंच्या धाकट्या भावाचा.

त्या संध्याकाळी बाईंना कळवायच्या आधी काका घरी आले. पुलाखालची पहिली आजारी टोपली वीस पावलं सरकवून पुलाच्या वर नेली तर कुणाला कळणार, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं. तेही त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तो माझा भाऊ आहे, हे मुळांना कुठे माहीत आहे? टोपली आहे तिथेच राहू द्या. आणि उद्या त्याच्याकडे चोरून जाऊ नका, बाईंबरोबर जा. मीही येते."

तिघं गेले. मेहुणा आधी उसळला. घरच्याच माणसांनी आपल्याला चोर ठरवलं, असं म्हणाला. वापरलेलं पाणी आपण टाकीत साठवतो, थेंबही बाहेर जात नाही, अशी शपथ घेतली. बाईंनी वाद घातला नाही. टाकी रिकामी करून बघू या, एवढंच म्हणाल्या. दुपारी टाकी उपसली. मागच्या कोपऱ्यात वीतभर लांब तडा होता आणि बाहेरच्या बाजूची माती थेट ओढ्यापर्यंत हिरवट झाली होती. मेहुणा तिथेच बादलीवर बसला. त्याला खरंच माहीत नव्हतं. पण टाकीच्या मागे त्याने दोन वर्षांत डोकावलंही नव्हतं.

कारखान्याला नोटीस मिळाली, काम थांबलं. टाकी नवी झाली, दूषित माती आणि ओढ्यातला गाळ काढावा लागला. तेवढे दोन महिने मेहुणा काकांशी बोलला नाही. काही सांगायचं झालं तर बहिणीमार्फत निरोप.

तिसऱ्या महिन्यात पुलाखालच्या टोपल्यांतही मुळं हातभर आली. मुळांतला धातू उतरल्याचं कळवायला बाईंनी फोन केला तेव्हा काका काठावर होते. त्यांनी भेटेल त्याला थांबवून ती बातमी सांगितली, अगदी पोस्टमनलासुद्धा.

पुढच्या रविवारी मेहुणा चपला हातात घेऊन काठावर उभा. "दाजी," तो म्हणाला, "एक टोपली माझ्या कारखान्यामागेही लावा. पुन्हा गळती झाली तर मला लवकर कळलं पाहिजे."

काकांनी त्याला तराफ्यावर घेतलं. मेहुण्याला पोहता येत नव्हतं, म्हणून तो मधोमध मांडी घालून बसला. जाळी कशी बांधायची, मुळं न तोडता रोप कसं उचलायचं, काका अर्धा तास सांगत होते आणि तो मुकाट्याने मान डोलावत होता. दोघं घरी आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते. काकूंनी दोघांनाही दारातच अडवलं आणि आधी पाय धुवायला पाठवलं.